बरं, ताई

आमच्या गोग्याने मला त्याच्या डोक्यात बसवलं, ते मला न विचारता. एका संध्याकाळी तो दुकानात आला, मी एका जाड्या गिऱ्हाइकाच्या पँटची चेन बदलत होते, आणि मशीनच्या खडखडाटात म्हणाला, "ताई, पळण्याच्या क्लबातल्या बाई म्हणाल्या डोक्यातल्या आवाजाला नाव द्यायचं. मी तुझं दिलं."

"कसला आवाज?"

"थांब म्हणणारा."

मी मशीन बंद केलं. आयुष्यभर ह्याला थंडीत स्वेटर घाल, झाडावरून उतर, भिजू नकोस म्हणून सांगत आले, त्याचं हे बक्षीस. वर तोंड करून हसत होता.

गोग्या माझा धाकटा भाऊ. लहानपणी एक घास तोंडात धरून तासभर बसायचा म्हणून गोगलगाय, आणि गोगलगायीचा झाला गोग्या. आता चाळिशीला टेकलाय, बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करतो, डोक्यावरचे निम्मे केस गेलेत, तरी घरात, गल्लीत आणि माझ्या दुकानात तो गोग्याच. त्याचं खरं नाव मी फार क्वचित घेते. बाबा गेले तेव्हा तो कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या खोलीत काम करत होता. फोनवर मी त्याला नावाने हाक मारली आणि पुढे बोलताच आलं नाही. त्याने हातातला पाना खाली ठेवला, तो आवाज मला ऐकू आला. त्याला सगळं कळलं होतं.

बाबांचं त्याच्याबद्दल एक मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. ह्याच्या हातून काही तडीस जायचं नाही, असं ते चारचौघांत म्हणायचे. कॉलेज ह्याने मध्येच सोडलं, पोहण्याचा क्लास सोडला, लग्न केलं तेही दोघांनी मिळून मध्येच सोडलं. मग पळायचं खूळ घेतलं. दोनदा मॅरेथॉनला उतरला आणि दोन्ही वेळा तिसावा किलोमीटर ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला बसला. पायाला काही झालं नव्हतं, दमही शाबूत होता. "आतून कोणीतरी म्हणालं, बस झालं," एवढंच सांगायचा, आणि मग आठवडाभर कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. त्याचं ते खाली घातलेलं तोंड बघून मला बाबांचा राग यायचा, आणि बाबा तर आता भांडायलाही उरले नव्हते.

त्याच्या क्लबात दोन माणसं शिकवायची. एक पायांचे सर आणि एक मनाच्या बाई. पायांचे सर शिट्टी वाजवत पळवायचे. मनाच्या बाई सगळ्यांना गोल बसवून, अंगातली ताकद संपत आली की डोकं काय काय थापा मारतं, ते सांगायच्या. ह्या बाई आपल्याला अजिबात आवडायच्या नाहीत असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण एक दिवस त्या स्वतःच दुकानात आल्या, स्टुलावरचे कपडे बाजूला करून बसल्या, आणि म्हणाल्या, "त्यांच्या डोक्यात तुम्ही इतक्या ठळक आहात, म्हटलं भेटून तरी यावं." त्यावर रागावायचं कसं?

त्यांचं म्हणणं साधं होतं. तो आवाज कोणालाच बंद करता येत नाही. त्याच्याशी भांडलं की तो चढतो, दुर्लक्ष केलं की आणखी जवळ येतो. म्हणून त्याला मान द्यायचा. बरं ताई, म्हणायचं, आणि पुढचं पाऊल टाकायचं. वाद नाही, खुलासा नाही.

"पण हे नुसतं बोलून अंगात भिनत नाही," बाई म्हणाल्या. "सराव लागतो. तुम्ही खऱ्याखुऱ्या याल का? गाडीवरून त्यांच्या बाजूने चालायचं आणि थांब म्हणायचं. जे सुचेल ते बोला."

ह्या एका बाबतीत माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, हे त्यांना बहुधा गोग्याने सांगितलं असावं.

मग रविवारी सकाळी कालव्याकाठच्या रस्त्यावर आमची वरात निघायची. गोग्या पळतोय, मी स्कूटरवर त्याच्या बरोबरीने, मागे बाई बसलेल्या. मी तोंड सोडायचे. "गोग्या, गॅसवर दूध ठेवलंय, उतू चाललंय, थांब!" "बरं, ताई." "अरे, तुझ्या बुटाची नाडी सुटलीय!" "बरं, ताई." "तुझी लिफ्ट अडकलीय, आत माणसं आहेत!" "बरं, ताई." पहिल्या दिवशी तो चार वेळा थांबला, एकदा तर खरंच नाडी बघायला वाकला आणि आम्ही दोघी हसून गाडीवरून पडायच्या बेतात. हळूहळू मात्र त्याचं थांबणं कमी झालं. माझी पोतडी रिकामी होत आली तसं मी जडशीळ काढायला लागले. बाबांना काढलं. रडून दाखवलं. एका रविवारी अगदी शेवटच्या टप्प्यात मी ओरडले, "डॉक्टरांचा फोन आलाय! हाड चिरलंय तुझं! थांब!" त्याचं एक पाऊल चुकलं, मान माझ्याकडे वळली, आणि मग तो हसला. "बरं, ताई." बाईंनी मागून माझ्या खांद्यावर थाप दिली. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

बाई काही बेफिकीर नव्हत्या. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं होतं, "आणि खरंच थांबवायची वेळ आली तर?" त्यांना एक वेगळी खूण हवी होती, सरावात कधीच न वापरायची. गोग्या म्हणाला, "ती आहेच की. ताई मला नावाने हाक मारत नाही. मारली तर समजायचं की खरं आहे." आम्ही एकदाच करून पाहिलं. पुलाजवळ मी त्याला नावाने हाक मारली. तो जागच्या जागी उभा राहिला, चेहरा पांढराफटक, आणि म्हणाला, "काय झालं? कोण गेलं?" त्याला पाणी पाजून कठड्यावर बसवावं लागलं. बाई म्हणाल्या, "झालं. आता हे जपून ठेवा. पुन्हा काढायचं नाही." मी ते जपून ठेवलं.

शर्यतीच्या आठवड्यात गोग्या छातीवर लावायचा कागद घेऊन आला. वर मोठा नंबर आणि त्याच्याखाली, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्याचं नाव. पिनांनी टोचतं, तूच शिवून दे, म्हणाला. मी नायलॉनचा दोरा घेतला, घामाने कुजत नाही म्हणून, पट्टी लावून नाव बरोबर मधोमध आणलं आणि चारी बाजूंनी बारीक टीप मारली. बाई त्यांचं जाकीट न्यायला आल्या होत्या. त्यांनी बनियन उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "किती सुबक." आम्ही तिघांनीही ते कौतुकाने पाहिलं.

त्या दिवशी तो स्टुलावर बसताना जरा जपून बसला आणि जांघेपाशी हात दाबला. "काय होतंय?" मी विचारलं. "काही नाही. तूच बोलतेयस," म्हणाला. मी त्याला कात्री दाखवली. तो डॉक्टरकडे जाऊन आलाय आणि त्याच्या खुब्याचे फोटो काढून झालेत, हे त्याने मला सांगितलं नाही, बाईंनाही नाही. डॉक्टरांनी पायावर जोर देऊ नका म्हणून सांगितलं होतं. म्हणजे डॉक्टरही त्याच्या लेखी ताईच.

शर्यतीच्या दिवशी बाई निम्म्या अंतरावर उभ्या राहणार होत्या आणि मी पस्तिसाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी, म्हणजे आजवर तो जिथे पोचलाच नव्हता तिथे. शर्यतीचा रस्ता शहरात वळसे घेत फिरत होता, त्यामुळे गल्ल्यांमधून गेलं तर ह्या दोन्ही जागा आणि शेवटची कमान एकमेकींपासून फार लांब नव्हत्या. मी घडीचं स्टूल, केळी आणि पाण्याची बाटली घेऊन लवकरच जागा धरली. रस्त्याच्या कडेने बांधलेल्या पट्टीच्या अलीकडे भरपूर गर्दी होती, थाळ्या वाजवणारी, टाळ्या पिटणारी. पुढचे पळणारे येऊ लागले होते. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

पलीकडच्या माणसाने गोग्याचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या ताई ना? मी त्यांचा डॉक्टर. रिपोर्ट आत्ता बघतोय. त्यांचा फोन बंद आहे, तुमचा नंबर दिला होता. ते घरीच आहेत ना?"

"नाही. पळतोय तो."

"कुठे पळतायत?"

"मॅरेथॉन."

 डॉक्टरांनी एकेक शब्द सुटा करून सांगितला. मांडीच्या हाडाला अगदी वर, खुब्याजवळ चीर आहे. ती सरकली तर हाड तुटेल, आणि तिथे तुटलं की त्या भागाला रक्त मिळेनासं होतं. "त्यांना लगेच थांबवा. पण सांभाळून. ओढू नका, धक्का देऊ नका. पडले तर संपलं."

मी बाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "केव्हाच गेले इथून. मला अंगठा दाखवला. मीही दाखवला."

"लंगडत होता?"

"थोडं. मी विचारलं. ताई बोलतेय म्हणाले." त्यांचा आवाज चिरकला. "रस्ते बंद आहेत, मी पळत येते. तुम्ही नाव घ्या. तुम्ही फक्त त्यांचं नाव घ्या, ते थांबतील."

नाव. माझ्या जिवात जीव आला. ते आपण जपून ठेवलंय, आजच्यासाठीच ठेवलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. तरी आपलं कोणी हाताशी असावं म्हणून औषधपाण्याच्या तंबूत गेले. तिथला तरुण डॉक्टर एका ओकणाऱ्या मुलीची पाठ चोळत होता. "त्यांना इकडे घेऊन या, लगेच बघतो," म्हणाला. अरे बाबा, आणता आला असता तर तुझ्याकडे कशाला आले असते? शिट्टीवाल्या कार्यकर्त्याला गाठलं. तो अदबीने म्हणाला, "पळणाऱ्याची स्वतःची इच्छा नसेल तर आम्ही अंगाला हात लावू शकत नाही, मॅडम. आणि ठीक दिसत असेल तर नाहीच नाही." त्याचंही काही चुकत नव्हतं. त्या सकाळी कोणाचंच काही चुकत नव्हतं, आणि त्यामुळेच मला कोणाची तरी मानगूट धरावीशी वाटत होती.

मी पट्टीला चिकटून उभी राहिले. पळणारे येत होते, मिठाने पांढरे झालेले चेहरे, खुरडणारे पाय. आणि माझ्या शेजारची माणसं त्यांच्या छातीवरची नावं वाचून ओरडत होती. ओळख ना पाळख, पण नावाने! थोडंच राहिलं, शाब्बास, सोडू नकोस! तो पळणारा हात वर करायचा, हसायचा, आणि जरासा जोरात पळायचा. मी हे बघत होते, बराच वेळ बघत होते, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

वळणापलीकडून आधी त्याचं नाव आलं.

तो दिसायच्या आत मला ते ऐकू आलं, कोणा परक्या बाईच्या तोंडून, मग दोन पोरांच्या, मग एका पुरुषाच्या भसाड्या आवाजात. ते नाव रस्त्याने माझ्याकडे सरकत येत होतं. जे मी बाबा गेले तेव्हा वापरलं होतं, ते पहाटेपासून पस्तीस किलोमीटर लोक त्याच्यावर उधळत होते.  माझ्या हाताने शिवलं होतं मी ते, मधोमध, पट्टी लावून.

मग तो आला. उजवा पाय बाहेर फेकत, एक हात जांघेवर दाबलेला. मी जीव खाऊन त्याच्या नावाने ओरडले. शेजारच्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्या छातीकडे पाहिलं, आणि माझ्या सुरात सूर मिळवला. आख्खी रांग ओरडायला लागली. गोग्याने हात वर केला, सगळ्यांसाठी केला होता तसाच, आणि वेग वाढवला.

मी पट्टीखालून घुसले आणि चपलांनिशी त्याच्या बाजूने धावायला लागले.

"गोग्या, थांब! डॉक्टरांचा फोन आलाय! हाड चिरलंय तुझं!"

"बरं, ताई."

"अरे सराव नाही हा! खरंच आलाय रे फोन! खरं सांगतेय!"

"बरं, ताई." माझ्याकडे त्याने नीट पाहिलंही नाही. मी खरी आहे की डोक्यातली, हे त्याला कळत होतं की नाही, देव जाणे. पण तोंडावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. तो सुखात होता. पस्तीसची पाटी मागे पडली होती आणि बाबा खोटे ठरायला थोडंच अंतर राहिलं होतं.

मी त्याचं कोपर धरलं. त्यासरशी त्याचा झोक गेला, तो दुखरा पाय वाकला आणि तो तोंडावर जातोय की काय असं झालं. पडले तर संपलं. मी हात सोडला. माझ्यापुढे दुसरं काहीच नव्हतं, मी हात सोडला. तो सावरला आणि गेला. माझी चप्पल तुटली, दमही तुटला. शिट्टीवाल्याने मला दंडाला धरून कडेला आणलं आणि समजावलं, "असं मध्ये येऊ नका हो, त्यांची लय बिघडते."

बाई धापा टाकत पोचल्या. त्यांना बघताच खूप काही बोलायचं माझ्या ओठावर आलं होतं. मी एवढंच म्हटलं, "नाव त्याच्या छातीवर आहे, बाई. सगळे घेतायत."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग माझ्या स्टुलावर मटकन बसल्या. माणसाला थांबू न देण्याच्या शंभर युक्त्या त्यांच्याकडे होत्या, थांबवायची एकच होती, आणि ती आम्ही तिघांनी मिळून बनियनला शिवली होती. पुढच्या तंबूत कोणाचा फोन असेल तर लावू या, त्या म्हणाल्या. आम्ही लावला. कोणी उचलला नाही.

गल्ल्यांमधून वाट काढत आम्ही शेवटाकडे निघालो. मी एका पायात चप्पल घालून, बाई माझा हात धरून. कमानीजवळ पोचायच्या आधीच कर्ण्यावरून त्याचं नाव ऐकू आलं. उत्साहाने ओरडत होते. मला वाटलं, पोचला, सुटलो. गर्दीत घुसले, तर कमानीपासून हाकेच्या अंतरावर गोग्या रस्त्यावर पालथा पडला होता. पाय भलत्याच दिशेला वळलेला. आणि दोन्ही बाजूंचे लोक, बायका, खांद्यावर बसलेली पोरं, सगळे त्याचं नाव घेत होते. ऊठ, ऊठ, थोडंच राहिलं!

"गप्प बसा!" मी किंचाळले. "अहो, गप्प बसा!" शेजारची बाई रडत होती, आनंदाने. तिने माझा हात हातात घेऊन दाबला.

गोग्या कोपरांवर उठला आणि सरपटायला लागला. स्ट्रेचरवाले दोघे त्याच्या बाजूने वाकून चालत होते. त्यांनी हात पुढे केला की तो मान हलवायचा. गर्दी वेडी झाली होती. मी पट्टी ओलांडायला गेले तर मागून कोणीतरी मला धरून ठेवलं, प्रेमाने, "थांबा ताई, त्यांचं त्यांना करू द्या." मी थांबले. माझं ऐकून कोणी थांबत नव्हतं, मी मात्र थांबले. त्याने कमानीखाली हात टाकला, मग छाती, मग तो लुळा पाय आत ओढून घेतला. गळ्यात पदक त्याला स्ट्रेचरवरच घातलं. बाबा, तडीस गेलं हो तुमच्या पोराच्या हातून.

संध्याकाळी ऑपरेशन करून त्याला खोलीत आणलं. हाड सरकलंच होतं, स्क्रूने जोडलंय. रक्त पोचतंय की नाही ते काही महिन्यांनी कळेल, डॉक्टर म्हणाले. पळायचं मी विचारलं नाही, त्यांनी आपणहून नाही अशी मान हलवली. आज रात्री पाय अजिबात हलता कामा नये, एवढं लक्ष ठेवा. बाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आत या म्हटलं, तर नको म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी एकही शहाणपणाचं वाक्य उच्चारलं नव्हतं, आणि त्याबद्दल मला त्यांची माया वाटली.

मी गोग्याच्या कपाळावर हात ठेवून बसले. उशाला पदक आणि बनियनचा तुकडा होता. बनियन कात्रीने कापून काढलं होतं, पण माझी टीप शाबूत होती. एकही टाका उसवला नव्हता.

नर्स इंजेक्शन द्यायला आली. पेशंट तोच आहे ना याची खात्री म्हणून तिने कागदावरचं त्याचं नाव मोठ्याने वाचलं. मी तिला अडवायच्या आत वाचलं.

गुंगीतच गोग्याचा हात वर गेला. ओठांवर तेच हसू आलं. आणि चादरीखाली त्याचे पाय चालायला लागले, दोन्ही. मी झेप घेऊन त्याच्या गुडघ्यावर दोन्ही हात दाबले.

"थांब रे," मी म्हटलं. "गोग्या, थांब. पोचलास तू. झालं सगळं."

"बरं, ताई," तो म्हणाला, आणि माझ्या हातांखाली त्याचा पाय चालतच राहिला.